मांडणीचे गुण

हस्तलिखित अंकांच्या स्पर्धेत परीक्षकाच्या हाती जो गुणतक्ता दिला जातो त्यात ‘लेखन’ आणि ‘मांडणी’ असे दोन स्वतंत्र रकाने असतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांची हस्तलिखिते मी गेली सुमारे पंचवीस वर्षे तपासत आलो आहे. या काळात रकान्यांची शीर्षके बदलत गेली. ‘सजावट’ हा शब्द जाऊन ‘मांडणी’ आला, ‘हस्ताक्षर’ कधी मांडणीत मिसळले गेले तर कधी दहा गुण घेऊन वेगळे झाले. दोन रकान्यांमधली उभी रेघ मात्र कायम राहिली. आशय आणि अभिव्यक्ती यांचे अद्वैत आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो, त्यावर प्रश्न काढतो, उत्तरे तपासतो. आणि तेच आपण परीक्षकाच्या खुर्चीत बसलो की लेखनाला पन्नासपैकी आणि मांडणीला तीसपैकी गुण देऊन मोकळे होतो. ही विसंगती केवळ सोयीची आहे की तिच्यामागे साहित्यव्यवहाराविषयीची एखादी न तपासलेली धारणा आहे, हा प्रस्तुत लेखनाचा प्रश्न आहे.

येथे मला विशेषतः एकहाती हस्तलिखितांविषयी बोलायचे आहे. अनेक विद्यार्थ्यांनी मिळून केलेल्या अंकात लिहिणारा वेगळा, चित्रे काढणारा वेगळा, सुवाच्य नक्कल करणारा आणखी वेगळा असतो. तेथे गुणांची विभागणी निदान श्रमविभागणीला धरून आहे. परंतु काही स्पर्धांत ‘वैयक्तिक हस्तलिखित’ असा एक गट असतो. त्यात एकच मुलगा किंवा मुलगी लिहिते, रेघा आखते, चित्रे काढते, पाने शिवते आणि पुठ्ठा चिकटवते. अशा अंकात समास किती सोडायचा हा निर्णय आणि वाक्य कोठे थांबवायचे हा निर्णय एकाच मनाने, बहुधा एकाच बैठकीत घेतलेला असतो. मधली रेघ तेथे कोठून आणायची?

ज्या मुलखातून ही हस्तलिखिते येतात त्याच मुलखात अशा एकहातीपणाचे एक मोठे उदाहरण आहे. कुंडलजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या जमिनीवर, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तेथून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याची व त्याच्या नांगरांची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत पोचवावी, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकला शिकलेले गृहस्थ. मजकूर जमवणारा, तो पानावर बसवणारा आणि व्यंगचित्र काढणारा हात आरंभी बव्हंशी त्यांचाच. पुढे ‘खबर’चे ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. आपल्या वाङ्मयेतिहासात या मासिकांची नोंद होते ती मुख्यतः त्यांच्या सामाजिक विचारांसाठी. रूढी, स्त्रीशिक्षण, विज्ञाननिष्ठा हे शब्द त्या नोंदीत हटकून येतात. या मासिकांचे पान कसे होते, चित्र मजकुराच्या कोणत्या बाजूला बसे, गंभीर लेखाशेजारी कोणते पानपूरक येई, यांविषयी तो इतिहास फारसे बोलत नाही. वास्तविक रूढींची थट्टा करणारे चित्र आणि रूढींचा विचार करणारा लेख एकाच उघड्या पानावर समोरासमोर बसवणे ही स्वतंत्र वैचारिक कृती आहे. ती लेखात सापडत नाही, चित्रातही सापडत नाही. दोहोंच्या शेजाराने ती सिद्ध होते. संपादक चित्रकार नसता तर विचार तेच राहिले असते, वाचक मात्र वेगळा घडला असता, असे मला वाटते.

(त्या संस्थानचा अधिपतीही चित्रकारच होता. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढत आणि त्यांनी उभे केलेले संग्रहालय आजही खटाव तालुक्यात पाहायला मिळते. पंडित सातवळेकर, तेही मुळात चित्रकार, औंधला राहून वेदग्रंथ छापत होते. माणदेशाच्या अवर्षणग्रस्त कडेवर इतके रंगकुंचले कसे गोळा झाले, हा एका वेगळ्या निबंधाचा विषय आहे.)

कृष्णेच्या काठाने उगमाकडे गेले की वाई लागते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’ हे दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणून घेता येईल. सजावटीला जवळजवळ फाटा दिलेले, मजकूर ओळीमागून ओळ लावत जाणारे ते पान पाहून ‘यात मांडणी काहीच नाही’ असे माझ्या एका सहपरीक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगितल्याचे मला आठवते. परंतु वाचकाच्या लक्ष देण्याच्या शक्तीवर इतका विश्वास टाकणारे पान ही मांडणीविषयीची एक ठाम भूमिका असते. वाई आणि किर्लोस्करवाडी यांतील कोणते पान सरस, असा प्रश्न तीसपैकी गुण देऊन सुटणारा नाही, कारण दोन पाने दोन वेगळ्या वाचकांशी बोलत आहेत.

सिद्धान्ताच्या बाजूने पाहू गेले तर अडचण अधिक गुंतागुंतीची होते. साताऱ्याजवळचे मर्ढे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बा. सी. मर्ढेकरांनी मराठी सौंदर्यशास्त्राला संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे दिली. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधील हा विचार पानाच्या मांडणीला लावून पाहावा, असा मोह कोणालाही होईल. काळा मजकूर आणि कोरी जागा, जाड शीर्षक आणि बारीक ओळ यांच्या संबंधांना ही परिभाषा अगदी नेमकी लागू पडते. परंतु त्याच मर्ढेकरांनी साहित्याचे माध्यम शब्दांच्या नादात किंवा दृश्य रूपात न शोधता भावनात्मक अर्थांत शोधले. माध्यमाची ही कल्पना स्वीकारली की कागद, शाई, समास हे सगळे साहित्यकृतीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहतात. म्हणजे लयविचार मांडणीला आत बोलावतो आणि माध्यमविचार तिला बाहेर ठेवतो. आपल्या गुणतक्त्यातली उभी रेघ या दुसऱ्या विचाराची दूरची वारसदार आहे. तो तक्ता तयार करणाऱ्याने मर्ढेकर वाचलेले असोत वा नसोत, ‘खरे साहित्य अर्थात असते, बाकी सारी सजावट’ ही धारणा आपल्या अध्यापनातून खाली झिरपलेली आहे.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचाराच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची जी मांडणी केली, ती मला परीक्षकाच्या खुर्चीत अधिक उपयोगी पडली. शुद्ध आकृतीचा आस्वाद आणि जीवनाच्या संदर्भात घेतलेला आस्वाद यांपैकी एकाची निवड करून दुसरा रद्द करता येत नाही. हे मान्य केले की ‘मांडणी’ हा शब्दही दुहेरी होतो. पान सुंदर आहे काय, हा एक प्रश्न. ते पान आपल्या मजकुराविषयी काय जाणते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मजकूर न वाचता देता येते, आणि खरे म्हणजे अनेक परीक्षक ते तसेच देतात. शंभरेक अंक दोन दिवसांत संपवायचे असले म्हणजे दुसरे काय होणार!

दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून दोन अंकांची उदाहरणे देतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगली आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. त्या वर्षीच्या हस्तलिखितांत पूर हा विषय सर्वत्र होता. त्यांतील एका अंकाची पाने चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेली होती; कडा फुगलेल्या, कागदावर तपकिरी रेषा, शाई मुद्दाम फुटू दिलेली. अंक हाती घेताच पुरातून वाचलेली वही हाती आल्याचा भास होई. कल्पना उत्तम, हातही तयारीचा. माझ्या दोन्ही सहपरीक्षकांनी मांडणीचे जवळजवळ सर्व गुण दिले. मी कमी दिले. कृत्रिमपणाचा आक्षेप मला मुळीच घ्यायचा नव्हता. कला म्हटली की चहाचे पाणी आलेच. माझा आक्षेप असा होता की, आतल्या मजकुराला आपला कागद भिजलेला आहे याची वार्ताच नव्हती. ‘निसर्गाचा कोप’ आणि ‘माणुसकीचे दर्शन’ अशा शीर्षकांखाली कोणत्याही वर्षी, कोणत्याही पुरावर लिहिता येईल असे निबंध सुरेख अक्षरात उतरवलेले होते. फुटलेली शाई एकाही महत्त्वाच्या शब्दावर फुटली नव्हती. वाचनात अडथळा येऊ नये म्हणून ती सगळीकडे समासातच ठेवलेली होती. पान भिजले होते आणि वाक्ये कोरडी राहिली होती. हे पान सुंदर आहे, हे मी मान्य करतो. परंतु त्याने आपला मजकूर वाचलेला नाही.

दुसरा अंक त्याआधीचा, २०१३च्या दुष्काळातला. त्या साली माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत जनावरांसाठी छावण्या होत्या आणि माणसांसाठी टँकर. अंक जतच्या पूर्वेकडील एका गावातून आला होता. म्हैसाळ योजनेचे पाणी त्या वेळी जेथवर पोचले नव्हते आणि जेथे घरात कानडी व शाळेत मराठी चालते, असा तो भाग. करणारी मुलगी बारावीत होती. बत्तीस पानी वही. कागद पाठकोरे, म्हणजे एका बाजूला कसले तरी छापील तक्ते असलेले, आणि ती बाजू आत घेऊन दोन दोन कागद खळीने चिकटवलेले. मध्ये दोरा. मुखपृष्ठावर चित्र नाही, वेलबुट्टी नाही. आत एकच लेखन, आणि तेही तक्त्याच्या रूपात: दिनांक, खेप, पाळी कोणाची, घागरी किती, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’.

ग्रामीण महाराष्ट्रात शेरा या रकान्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तो शेवटी असतो. कार्यालयाला जे कोठेच बसवता येत नाही ते तेथे बसवले जाते. या वहीतल्या पहिल्या पानांवर शेरा एकेका शब्दाचा आहे. पाणी गढूळ, पाळी चुकली, वाद, अशा नोंदी. चार-पाच पानांनंतर वाद कोणाचा, कशावरून, हे येऊ लागते. दहाव्या पानाच्या सुमारास शेरा आपली रेघ ओलांडून ‘घागरी’च्या रकान्यात शिरतो, पुढे पाळीच्या आणि खेपेच्या रकान्यांवरूनही वाहत जातो; घागरींचे आकडे वाक्यांच्या मधोमध अडकलेले दिसतात. कोणाच्या लग्नाची बोलणी पाण्याच्या पाळीवरून मोडली, कोणत्या घराला रांगेत मागे उभे राहावे लागते आणि का, ड्रायव्हर कोणाच्या दारात चहा घेतो, हे सारे शेऱ्यात येते. मधूनच कानडी शब्द येतात, देवनागरीत लिहिलेले, कसलाही खुलासा न देता. शेवटच्या पानावर पाचही रकाने आखलेले आहेत, त्यांतले चार कोरे आहेत. शेऱ्यात टँकर बंद झाल्याची दीड ओळीची नोंद आहे. बाकी पान तसेच.

माझे सहपरीक्षक कलाशिक्षक होते, आपल्या विषयात जाणकार आणि मनाने उदार. ते म्हणाले, “सर, ही वही आहे, अंक नव्हे. संपादकीय नाही, कविता नाही, अनुक्रमणिका नाही. अक्षर रेघेबाहेर जाते. मांडणीला काय द्यायचे?” भाषेच्या दुसऱ्या परीक्षक बाईंनी कानडी शब्दांखाली लाल रेघा मारलेल्या होत्या. दोघांचे म्हणणे गुणतक्त्याच्या चौकटीत बिनतोड होते. मी एवढेच म्हणालो की, अक्षर रेघेबाहेर जाते हे या अंकाचे कथानक आहे. नोंद करण्यासाठी दिलेल्या कोष्टकात जगणे मावत नाही, हे ती कोठेही वाक्यात सांगत नाही. ते डोळ्यांना दिसते. तक्ता सरळ ठेवून शेजारी स्वतंत्र निबंध लिहिला असता तर मांडणीचे गुण वाढले असते आणि लेखन मेले असते. अशा स्थितीत दोन रकान्यांत दोन आकडे मी कसे भरू? दोन्ही रकान्यांना मिळून एक महिरपी कंस घालून ऐंशीपैकी एकच आकडा देण्याची परवानगी मी संयोजकांकडे मागितली. बेरीज संगणकावर होते आणि त्याला कंस कळत नाही, असे मला सांगण्यात आले.

तिघांच्या गुणांची बेरीज झाली आणि त्या अंकाला उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले. पहिला क्रमांक साखरपट्ट्यातल्या एका गावाच्या देखण्या अंकाला गेला, आणि तो अंक वाईट होता असे मी म्हणणार नाही.

परंतु येथे आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. मांडणी आणि हस्ताक्षर यांचे गुण एका अर्थाने भूगोलाला आणि इतिहासाला दिलेले गुण असतात. कराड, इस्लामपूर, सांगली येथे घोटीव कागद, रंगीत कार्डशीट, सुलेखनाचे वर्ग हाताशी असतात. जतच्या पूर्वेला किंवा माणच्या कडेला पाठकोरा कागद मिळाला तरी पुरे. वळणदार अक्षर ही आपल्याकडे कित्येक पिढ्या ठरावीक घरांची मिरास होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून या दोन जिल्ह्यांत ज्या पहिल्या पिढ्या लिहू लागल्या त्यांच्या हाताला वळण लागायला वेळ मिळालेला नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची शाळा जेमतेम दीड दिवसाची होती असे सांगितले जाते. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी ‘तराळ अंतराळ’ लिहिले ते कोणत्या वाटेने शाळेत पोचून, हे वाचकांना ठाऊक आहे. या परंपरेत स्वच्छता हा निरपेक्ष सौंदर्यनिकष मानणे मला कठीण जाते. मात्र याचे उलटे टोकही मला मान्य नाही. गरिबीतून आलेले म्हणून ओबडधोबड पान आपोआप अस्सल ठरत नाही. दुष्काळी तालुक्यांतूनही चहाच्या पाण्यातली हस्तलिखिते येतात, त्यांतला चहा फक्त वेगळ्या प्रकारचा असतो. सहानुभूतीने दिलेले गुण हे त्या मुलीच्या कोष्टकाचा अपमान ठरले असते. तिची वही सरस होती ती तिच्या पानाला तिचा मजकूर ठाऊक होता म्हणून.

आत्मपर लेखनाला गुण द्यावेत काय, असा नैतिक प्रश्न काही सहकारी उपस्थित करतात. माणूस स्वतःविषयी लिहितो, आपण त्याला छत्तीस किंवा एकेचाळीस म्हणतो, हे त्यांना क्रूर वाटते. मला ते तसे वाटत नाही. ज्याने शिवून, पुठ्ठा लावून अंक स्पर्धेकडे पाठवला त्याने तो वाचकापुढे ठेवला आहे, आणि वाचकाला निर्णयाचा अधिकार आहे. कांटने दाखवल्याप्रमाणे हा निर्णय नियमाने सिद्ध करता येत नाही, तरी तो केवळ खाजगी आवडही नसतो. तो इतरांच्या संमतीची अपेक्षा धरतो. पारितोषिकाच्या खोलीत तीन परीक्षक भांडतात याचा अर्थच हा की प्रत्येकाला दुसऱ्याची संमती हवी आहे. क्रौर्य असलेच तर ते भांडण न करता सरासरी काढण्यात आहे.

अलीकडे बऱ्याच स्पर्धांत अंक फोनवर तयार होऊन येतात. तयार नमुन्यांतून एक निवडला की समास, शीर्षके, फुलांच्या चौकटी आपोआप येतात, आणि मांडणीचे गुण सर्वांना सारखेच द्यावे लागतात. यात मला तक्रारीचे कारण दिसत नाही. १९५०च्या दशकात ‘शब्द’चे सायक्लोस्टाइल केलेले अंक काढणाऱ्यांनाही यंत्राने दिलेलेच पान मिळत होते, अरुण कोलटकरांसारखा संकल्पनकार कवी त्याच मंडळींत होता आणि पुढे पुस्तकाचे पान हा कवितेचाच भाग मानण्याची शिस्त त्यांनी पाळली. साधन कोणते, हा प्रश्न दुय्यम आहे. नमुन्याने दिलेल्या चौकटीत मजकूर कोठे अडला, कोठे त्याने चौकट वाकवली, हे पाहण्याची सवय परीक्षकाला असली की फोनवरचा अंकही बोलू लागतो. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एका विद्यार्थ्याने वाढदिवसाच्या निमंत्रणाचा गुलाबी नमुना निवडून त्यात आजोबांच्या आजारपणाची रोजनिशी लिहिली होती. हे त्याने उपरोधाने केले की त्याला तेवढाच नमुना फुकट मिळाला होता, हे अंकावरून ठरवता येत नव्हते.

हेतूचा हा प्रश्न जतच्या वहीबाबतही माझ्यासमोर उभा राहिला होता. पारितोषिक वितरणाच्या दिवशी ती मुलगी वडिलांबरोबर आली होती. शेवटच्या पानावरचे चार कोरे रकाने तू मुद्दाम तसे ठेवलेस काय, असे मी तिला विचारले. टीकाकाराने असा प्रश्न विचारू नये, असे मी वर्गात अनेकदा सांगितलेले आहे. ती म्हणाली, “नाही ओ सर. रेघा सगळ्या पानांवर आधीच मारून ठेवल्या होत्या.”

मग टँकर बंद झाल्यावर ते पान काढून का टाकले नाही, असे विचारले. तिला प्रश्नच विचित्र वाटला असावा.

“शिवलेली वही हाय. ते फाडलं की पलीकडचं पान सुटतंय ओ.”

मी वही मागून घेऊन पाहिली. शेवटच्या पानाचा जोड पहिले पान होते. त्यावर पाचही रकाने भरलेले होते आणि शेरा होता एका शब्दाचा.